नववीतला मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, तेव्हा काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, सेमी-इंग्रजीला. पाचवी-सहावीपर्यंत गोष्टीची पुस्तकं वाचायचा, आता मोबाइल सोडून कशातच जीव रमत नाही. तुम्ही रोज एक तास वाचनाची सक्ती केलीत, पुस्तक संपवलं की शंभर रुपये असंही ठरवून पाहिलंत, दोन्ही बारगळलं. आता विचारताय की सक्ती करावी की नाही, पुस्तकं कोणती द्यावीत, आणि पुढच्या वर्षी दहावी असताना यात वेळ घालवावा का.

मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी मुलं येतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी येतात, दखनी बोलणारी येतात आणि जुळे सोलापूरकडची, तुमच्यासारख्या मराठी घरांतलीही येतात. पुस्तक टाळणारी मुलं या सगळ्यांत असतात, पण टाळण्याची कारणं वेगवेगळी. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. सक्ती थांबवा, शंभर रुपये थांबवा, आणि त्याहीआधी ‘किती पानं झाली, काय वाचलंस, काय शिकलास’ हे विचारणं थांबवा. मुलं पुस्तकापासून तुटतात ती बहुतेक वेळा या हिशेबापायी. लहानपणी गोष्ट ऐकली, हसलं, झोपलं, संपलं. वरच्या वर्गात आलं की प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय येतो, कवितेचा भावार्थ येतो, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालासुद्धा ‘वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणा’ असा गृहपाठ निघतो. पुस्तक उघडलं की मागून कुणीतरी प्रश्न विचारणार, हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. उत्तरं येणारा तरीही वाचतो. ज्याला उत्तरं येत नाहीत तो वाचायचंच टाळतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं चुकत नाही.

पैशांबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर तो झाला, १९७३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. त्यांनी काढलं, बक्षीस घेतलं. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर ही मुलं बक्षिसाशिवाय काढणाऱ्या मुलांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रांशी खेळत होती. जे आधी आवडीनं चाललं होतं ते मजुरीचं काम झालं. पुस्तकाचंही तसंच होतं. शंभर रुपयांसाठी मुलगा सगळ्यात पातळ पुस्तक शोधतो, त्यातलंही पहिलं आणि शेवटचं पान वाचतो. तुमच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण घडलं असणार.

आता दुसरी गोष्ट. पुस्तकं कोणती, हे ठरवण्याआधी त्याला सहज वाचता येतं का, ते पाहा. हे ऐकून आईवडिलांना राग येतो, तरी मी दरवेळी सांगते. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नव्हता. ही वर्गात बसणारी, कित्येकदा पास होणारी मुलं आहेत. ती स्वतः ‘मला येत नाही’ असं कधीच म्हणत नाहीत. ‘बोर आहे’ म्हणतात. पंधरा वर्षांच्या मुलाला बोर म्हणण्यात लाज नसते, येत नाही म्हणण्यात असते.

असा एक मुलगा आमच्याकडे होता. वर्गात बोलायला धीट, क्रिकेटचं समालोचन करायला लागला की सगळे त्याच्याभोवती. मी त्याला वर्तमानपत्रातली सामन्याची बातमी वाचून दाखवायला सांगितली, शेजारी कुणी नसताना. पहिली ओळ पाठ असल्यासारखी आली. दुसऱ्या ओळीत ‘निर्णायक’ होतं; त्यानं ‘निर्’ म्हटलं, थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि ‘निर्माण’ असं म्हणून पुढे गेला. ‘प्रतिस्पर्ध्यांना’पाशी बोट ओळीखालून सरकायचं थांबलं. रफार आणि जोडाक्षर आलं की तो पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधत होता. बातमी संपल्यावर विचारलं, जिंकलं कोण? सांगता आलं नाही. सामना त्यानं आदल्या रात्री पूर्ण पाहिला होता, तरीही. सगळी ताकद अक्षरं लावण्यात गेली, अर्थासाठी काही उरलंच नाही. अशा मुलाच्या हातात तीनशे पानांची कादंबरी ठेवणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला सिद्धेश्वर तलावाच्या मधोमध सोडण्यासारखं आहे.

तुमच्या मुलाचं असं काही आहे का, हे घरी कळू शकतं, फक्त परीक्षा घेतल्यासारखं करू नका. चष्मा विसरलाय म्हणा आणि एखादी बातमी, औषधाच्या खोक्यावरची सूचना, नातेवाइकाचा लांबलचक मेसेज वाचून मागा. अडखळतो कुठे, आणि वाचल्यावर अर्थ सांगतो का, एवढं ऐका. पुस्तकासाठी एक सोपी कसोटी आहे: कुठलंही एक पान उघडून वाचताना न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानाच्या शेवटी पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला. ही कसोटी त्यालाच शिकवा, तुम्ही मोजत बसू नका.

अडखळत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. नववीतल्या किती मुलांना फळा नीट दिसत नसतो आणि घरी पत्ताच नसतो! डोळे ठीक असूनही, मेहनत करूनही वाचन फार संथ असेल, तोंडी उत्तरं छान आणि कागदावर मात्र काही नाही, अक्षरांची अदलाबदल अजूनही होत असेल, तर वाचन-अक्षमता आहे का याची तज्ज्ञांकडून तपासणी करायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. यासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी पाहते.

वाचन कच्चं असलेल्या मोठ्या मुलाला सोपी पुस्तकं द्यायची कशी, ही खरी पंचाईत. चौथीचं पुस्तक दिलं की अपमान होतो. यावर आमच्याकडे चालणारा उपाय असा की त्याला धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या लहान पोरांना वाचून दाखवायचं काम द्यायचं. सोपं पुस्तक त्याच्या हातात येतं आणि मान राहतो. तेच पुस्तक तीनदा-चारदा वाचावं लागतं, आणि सफाई येते ती अशाच पुन्हा पुन्हा वाचण्यानं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत चित्रांच्या गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात. घरात लहान मूल नसेल तर आजीला वाचून दाखवू दे. आजी मधेच ‘अरे थांब, पुन्हा सांग’ म्हणते, त्याचाही उपयोग होतो.

तुमचा मुलगा मात्र पाचवीत आवडीनं वाचायचा, म्हणजे वाचता येत असणार. त्याच्या बाबतीत झालं असेल ते असं: लहानपणीची पुस्तकं संपली, आणि मोठ्यांची म्हणून जी पुढे आली ती आपण निवडलेली होती. थोरांची चरित्रं, संस्कारकथा, ‘आम्ही तुझ्या वयात वाचलेली’. ती चांगलीच असतात. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलाला भीती हवी असते, रहस्य हवं असतं, जगात अन्याय का होतो हे हवं असतं, मुलगी आवडली तर करायचं काय हेही हवं असतं. हे विषय आपण घरात काढत नाही आणि पुस्तकातूनही गाळून टाकतो. मग पुस्तकात त्याच्यासाठी उरतं काय?

म्हणून निवड त्याची. वाचनालयात नेऊन तुम्ही दुसऱ्या कपाटापाशी जा, त्याला एकटं सोडा. त्यानं भुताचं पुस्तक उचललं तर चेहरा बदलू नका. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा आमच्याकडे कपाटात राहतच नाहीत, परत आल्या की त्याच दिवशी जातात. कथा आटोपशीर असते, एका बैठकीत संपते, आणि संपल्यावर मुलाला आपण काहीतरी पुरं वाचलं असं वाटतं. न वाचणाऱ्या मुलासाठी हे वाटणं फार मोठं आहे. हे साहित्य चांगलं का, असं पालक विचारतात. मी या पुस्तकांच्या बाजूनं ठाम उभी आहे. मतकरींची भाषा स्वच्छ आहे, वाक्यं नेमकी आहेत, आणि एक कथा संपवलेला मुलगा दुसरी मागतो. तुम्हाला काळजी वाटत असेल तर आधी स्वतः वाचा. मग त्या कथेवर बोलायलाही तुमच्याकडे काहीतरी असेल.

विज्ञानाकडे ओढ असेल तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्या. गावाकडची, मातीतली गोष्ट हवी असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ सालची, लहानशी कादंबरी. धनगरवाडीत नोकरीला आलेल्या तरुण मास्तराची. सांगोल्याकडची मुलं ती वाचताना थबकतात, कारण माणदेश त्यांच्या दाराशी आहे आणि पुस्तकातली माणसं त्यांच्या आजोबांसारखी बोलतात. मुलींमध्ये, आणि मुलांमध्येही, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचं चरित्र हातोहात फिरतं. मी ते देताना गुलामगिरीवर प्रस्तावना करत नाही. एवढंच सांगते की या माणसानं शेंगदाण्यापासून काय काय बनवून दाखवलं ते बघ. शेंगाचटणीच्या गावात एवढं पुरतं. मग तान्ह्या कार्व्हरला आईसकट पळवून नेतात आणि आई पुन्हा कधीच सापडत नाही, तिथे पोहोचल्यावर मूल आपोआप पुढे जातं.

गोष्टी न आवडणारीही मुलं असतात, आणि त्यांना आपण विनाकारण न वाचणाऱ्यांत मोजतो. एका मुलाला फक्त पक्षी हवे होते. तो नान्नजच्या बाजूचा होता. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, आणि त्याच्या घरात माळढोकाच्या गोष्टी आजोबांपासून चालत आलेल्या. तो पक्ष्यांच्या पुस्तकातले तक्ते, वजनं, पंखांचं माप, अंडी कधी घालतात ते सगळं वाचायचा आणि मला चुका काढून दाखवायचा. कादंबरी त्यानं शाळा सोडेपर्यंत हातात धरली नाही. काय बिघडलं? कुणाला गाड्यांच्या इंजिनाची माहिती हवी असते, कुणाला खेळाडूंची आत्मचरित्रं, कुणाला पाककृती. अमर चित्र कथेसारखी चित्रांची पुस्तकंही मी बरोबरीच्या मानानं कपाटात ठेवते. चित्र, संवाद आणि मधली न सांगितलेली गोष्ट एकाच वेळी जोडत जायला डोकं लागतं.

सोलापूरच्या मुलांसाठी एक खास गोष्ट. आपल्या गावाचं काही छापलेलं हातात आलं की एरवी पान न उलटणारी मुलंही वाचतात, हे मी वारंवार पाहिलंय. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपली मुलं रोज सायकल दामटत जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, आणि त्याआधी मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला होता, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतं. सविस्तर वाचायला मिळालं की प्रश्न सुरू होतात: गोळीबार कुठल्या रस्त्यावर झाला, आपला वाडा तेव्हा होता का, पणजोबा कुठल्या गिरणीत होते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मी ही पुस्तकं मुद्दाम समोर मांडून ठेवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही तसंच. १९१० साली सोलापुरात जन्मलेला मुलगा डॉक्टर होऊन १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला जातो आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच मरतो. ‘आपल्या इथला?’ असं विचारताना मुलांचा आवाज बदलतो. तुमच्या मुलाला कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा, माहिती देऊ नका, फक्त फिरून या. पुस्तक नंतर मागेल किंवा मागणार नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे: मोठ्याने वाचून दाखवणं. नववीच्या मुलाला? हो, नववीच्या मुलाला. साधारण आठवीपर्यंत मुलांना वाचून जेवढं कळतं त्याहून ऐकून जास्त कळतं. वाचनात मागे पडलेल्यांच्या बाबतीत तर त्यानंतरही. ऐकताना अक्षरं लावायचा त्रास नसतो, गोष्ट सरळ आत जाते. आमच्या ग्रंथालयाच्या तासाला मी पहिली दहा-बारा मिनिटं फक्त वाचते. शेवटच्या बाकावरचे वहीत काहीतरी गिरवत असतात, मी काही म्हणत नाही. हात चालू असला तरी कान इकडे असतो. जिथे दार उघडायचं असतं, पत्र फोडायचं असतं, तिथे पुस्तक मिटते आणि टेबलावर ठेवते. त्या पुस्तकासाठी मधल्या सुट्टीत भांडण होतं. ग्रंथालयाच्या तासाला न वाचणाऱ्या मुलानं ‘मॅडम, नंतर तो मेला का, एवढंच सांगा’ म्हणत व्हरांड्यात गाठणं, हे मला कुठल्याही सारांशापेक्षा मोलाचं वाटतं. मी सांगत नाही.

घरी हे कसं करायचं, असं तुम्ही म्हणाल. विडी वळणाऱ्या घरांतून मी ते शिकले. आपल्याकडे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. हात दिवसभर गुंतलेले, कान मोकळे. आमची एक विद्यार्थिनी संध्याकाळी आई, मावशी आणि शेजारच्या दोघींना पुस्तक वाचून दाखवायची. घरात तेलुगू, पुस्तक मराठी. अडलं की ती तेलुगूत सांगायची, मावशी मधेच ‘त्या नवऱ्याला अक्कलच नाही’ म्हणायची, वाद व्हायचा, पुन्हा वाचन सुरू. त्या पोरीचं मराठी एका वर्षात असं सुधारलं की वर्गशिक्षिकेनं मला येऊन विचारलं. आणि ही काही नवी कल्पना नाही. क्यूबामध्ये हवानातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवणारा वाचक असायचा. कामगार सिगार वळत बसायचे, तो वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचायचा, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. पुढे काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. कधी जमलं तर हे मुलाला सांगा. मुलांना ही गोष्ट आवडते.

तुमच्याकडे विड्या नसतील, पण भाजी निवडणं असतं, कपड्यांच्या घड्या असतात. त्या वेळी तुम्ही वाचा आणि घड्या त्याला घालू द्या, किंवा उलट. वडील रात्री उशिरा येत असतील तर रविवारी दुपारी वाचा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाराच्या पुढे बाहेर पाऊल टाकवत नाही, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पडदे ओढून, पंख्याखाली, माठातलं पाणी शेजारी ठेवून वाचायला याहून चांगला वेळ वर्षात मिळत नाही. अर्धा तास पुरे. तो आडवा पडून ऐकेल, मधेच झोपेलही. झोपू द्या.

मोबाइलबद्दल तुम्ही फार लिहिलंय, मी थोडंच लिहिते. पुस्तक आणि मोबाइल यांची लढाई लावलीत तर पुस्तक हरेल, कारण मित्र सगळे मोबाइलमध्ये आहेत. ‘वाच, नाहीतर मोबाइल काढून घेईन’ म्हटलं की पुस्तक ही शिक्षा होते. त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात घरातले सगळे फोन एका जागी, तुमचाही, वडिलांचाही. आणि फोनवर वाचलेलं वाचनच समजा. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते. त्याचे जुने अंक फुकट ऑनलाइन ठेवलेले आहेत. त्यातल्या गोष्टी दोन-चार पानांच्या आहेत, रिक्षात बसून वाचता येतात. तुम्ही त्याच्या वयाच्या होतात त्या वर्षांचे अंक काढून दाखवा, जाहिराती आणि चित्रं बघतानाच अर्धा तास जाईल.

या वयात आईच्या शिफारशीपेक्षा मित्राची शिफारस शंभर पटींनी चालते, हेही मान्य करून टाका. आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. मी तारखेशेजारी मुलांना फक्त नाव लिहू देते. मुलं पुस्तक उचलतात, मलपृष्ठावरचा मजकूर वाचत नाहीत, शेवटचं पान उघडून कोणकोणी नेलंय ते बघतात. वर्गातल्या एखाद्या दांडगोबाचं नाव दिसलं की पुस्तक गेलंच. ‘काय वाचलालास बे?’ असं एकानं दुसऱ्याला विचारलं की माझ्या दहा भाषणांचं काम होतं. तुम्ही घरी असं करू शकता: त्याच्या दोन मित्रांना सुट्टीत बोलवा, जेवायला घाला, आणि तिघांत मिळून वाचनालयातून पुस्तकं आणू द्या. एकाचं वाचून झालं की दुसऱ्याकडे. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी, भरलेली वाचनालयं आहेत, आणि पेठापेठांत, तालुक्याच्या गावांत छोटी सार्वजनिक वाचनालयं आहेत. वर्गणी फार नसते. सभासदत्व त्याच्या नावावर घ्या, कार्ड त्याच्या खिशात राहू द्या. उशिराचा दंडही त्यालाच भरू द्या.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभाही त्याला स्पष्ट शब्दांत द्या. ‘वीस पानं वाच, नाही आवडलं तर परत कर, मी विचारणार नाही.’ आपण मोठे लोक रोज कितीतरी पुस्तकं मध्येच ठेवून देतो आणि मुलांना मात्र ‘घेतलंय तर संपव’ म्हणतो. न संपवलेल्या पुस्तकाचा अपराध मनात बसला की पुढचं उचललं जात नाही. आमच्याकडे एक मुलगी ओळीनं पुस्तकं परत करत राहिली, मला वाटायला लागलं होतं की नुसतीच फिरवते आहे. मग एक तिच्याजवळ तीन आठवडे राहिलं. त्या पुस्तकात काय सापडलं ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, पण त्याच लेखकाचं दुसरं आहे का, असं येऊन विचारलं.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं, पण तुमचं सांगायचं. ‘मी काल हे वाचलं आणि मला तो सासरा अजिबात पटला नाही.’ एवढं बोलून पोळ्या लाटायला जायचं. त्याला वाटलं तर तो त्याचं सांगेल. तुम्ही स्वतः पुस्तक वाचत नसाल तर वरचं काहीही फार चालणार नाही, हे प्रेमानंच सांगते. पंधरा वर्षांचं मूल आपण काय सांगतो ते सोडून देतं आणि काय करतो ते टिपून ठेवतं.

आता दहावी. दहावीच्या वर्षात वाचन बंद करा, असं बरेच जण सांगतील. मी सांगेन, वेळ कमी करा, बंद करू नका. रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं, अभ्यासाशी काहीही संबंध नसलेलं काहीतरी. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा येतो, इंग्रजीतही येतो, आणि विज्ञान-भूगोलाचे प्रश्न तरी शेवटी वाचूनच समजून घ्यावे लागतात. रोज थोडं वाचणारा मुलगा प्रश्न एकदा वाचतो. न वाचणारा तीनदा वाचतो आणि वेळ पुरला नाही म्हणून घरी येतो. तरीही गुणांचं हे कारण मुलाला सांगू नका, तुमच्यापाशीच ठेवा. त्याला सांगितलंत की पुन्हा हिशेब सुरू झाला.

किती दिवसांत फरक दिसेल, याचं नेमकं उत्तर देता येत नाही. सक्ती आणि बक्षीस काढून घेतल्यावर पहिले काही आठवडे तो काहीच वाचणार नाही, हे धरून चाला. तुम्ही खरंच विचारत नाही आहात ना, हे तो पारखत असतो. त्या काळात सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या खोलीत दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं नुसती पडू द्या, आणि रविवारचं वाचून दाखवणं चालू ठेवा. वार्षिक परीक्षा संपल्याबरोबर वाचनालयाचं कार्ड काढा. सुट्टी सुरू होऊन पंधरा दिवस गेले की मुलांचा दिनक्रम ठरून जातो, मग त्यात काही नवं घुसवणं अवघड जातं.